पेशींच्या कंपनीत पहिली इंटर्नशिप: अर्जापासून शेवटच्या दिवसापर्यंत

कॉलेजच्या प्रॅक्टिकलला उत्तर आधीच ठरलेलं असतं. टायट्रेशनचं रीडिंग किती यायला हवं हे मागच्या वर्षीच्या मुलांना माहीत असतं, आणि चुकलंच तर शेजारच्या टेबलावर विचारता येतं. पेशींवर संशोधन करणाऱ्या कंपनीत पाऊल टाकलं की ही सोय संपते. तुम्ही प्रयोगासाठी पेशी घालून लावलेल्या प्लेटचं उत्तर तिथं कोणालाच माहीत नसतं, तुमच्या मार्गदर्शकांनासुद्धा नाही. त्या प्लेटमध्ये काय घातलं, केव्हा घातलं आणि काय चुकलं, हे सांगू शकणारी एकच व्यक्ती असते: तुम्ही. पिपेट (द्रव मोजून घ्यायचं साधन), हूड (स्वच्छ हवेत काम करायची पेटी), मायक्रोस्कोप हे सगळं महिनाभरात हाताला बसतं. 'हिनं लिहिलंय म्हणजे ते तसंच झालंय' हा विश्वास कमवायला जास्त वेळ लागतो, आणि खरी इंटर्नशिप त्याचीच असते. पुढच्या सगळ्या पायऱ्या मी हे डोक्यात ठेवून लिहिल्या आहेत.

पायरी १: अर्ज

'पेशीजीवशास्त्राची कंपनी' या एका नावाखाली बरीच वेगवेगळी कामं चालतात. कुणी अँटिबॉडी आणि अभिकर्मकं, म्हणजे चाचण्यांना लागणारी रसायनं, बनवून विकतं. कुणी औषध कंपन्यांसाठी शेकडो रसायनं पेशींवर तपासून देतं. कुणी उपचारासाठी पेशीच वाढवतं, तर कुणी पेशींचे फोटो काढून त्यांचं विश्लेषण करणारी यंत्रं बनवतं. अर्ज करण्याआधी ही कंपनी यांतलं नेमकं काय करते ते शोधा. त्यांच्या वेबसाइटवरची आकर्षक वाक्यं सोडून द्या आणि उत्पादनांची माहितीपत्रकं वाचा. कोणत्या पेशी वापरल्या, कोणती चाचणी केली, आलेख कशाचा आहे, हे तिथं असतं. एक माहितीपत्रक नीट समजून घेतलंत तर मुलाखतीची अर्धी तयारी होते.

ईमेल दहा-बारा ओळींपेक्षा मोठा नको. तुम्ही कोण, कोणत्या वर्षात, किती आठवडे आणि कोणत्या तारखांना येऊ शकता, आणि त्यांच्या कोणत्या कामाबद्दल तुम्हाला उत्सुकता आहे. 'मला विज्ञानाची लहानपणापासून आवड आहे' हे वाक्य काढून टाका. त्याऐवजी 'तुमच्या माहितीपत्रकात औषध दिल्यावर ४८ तासांनी पेशी मोजल्या आहेत. २४ तासांनी काय दिसतं हे मला जाणून घ्यायचं आहे' असं काही लिहा. वाचणाऱ्याला कळतं की या मुलानं खरंच वाचलंय. प्रयोगशाळेचा अनुभव नसेल तर नाही म्हणून लिहा. अनुभव नसलेल्या मुलांना शिकवायची त्यांना सवय असते. जे येतं म्हणून लिहिलंय ते येत नाही, हे पहिल्याच दिवशी उघडं पडलं तर पुढं जड जातं.

मुलाखतीत पाठांतरापेक्षा साधं गणित विचारतात, आणि तिथंच मुलं अडखळतात. मला विचारलेला प्रश्न असा होता: औषधाचं १० मिलिमोलरचं द्रावण आहे, ते डीएमएसओ या द्रावकात विरघळवलेलं आहे. पेशी वाढवायच्या १० मिलिलिटर पोषक द्रवात, म्हणजे मीडियममध्ये, १० मायक्रोमोलर हवंय. किती घालशील? १० मिलिमोलर म्हणजे १०,००० मायक्रोमोलर, म्हणजे हजारपट विरळ करायचंय. १० मिलिलिटरचा हजारावा भाग १० मायक्रोलिटर. इथवर सगळे येतात. पुढचा प्रश्न महत्त्वाचा होता: मग पेशींना डीएमएसओ किती टक्के मिळालं? ०.१ टक्का. आणि ज्या पेशींना औषध द्यायचं नाही, त्यांना काय द्यायचं? तेवढंच ०.१ टक्का डीएमएसओ, औषधाशिवाय. नाहीतर दिसलेला परिणाम औषधाचा की डीएमएसओचा, हे कधीच कळणार नाही. अशी दहा-पंधरा गणितं कागदावर सोडवून जा.

पायरी २: रुजू होण्याआधी

कागदपत्रांत गोपनीयतेचा करार असेल. तो वाचून सही करा आणि एक गोष्ट त्याच दिवशी विचारून घ्या: कॉलेजला जो अहवाल द्यायचा आहे त्यात काय लिहिता येईल, आणि तो कोणाकडून तपासून घ्यायचा? हा प्रश्न शेवटच्या आठवड्यात विचारणाऱ्यांचे अहवाल अडकून पडलेले मी पाहिले आहेत. प्रयोगशाळेतला फोटो मित्रांना पाठवणंही कराराचा भंग ठरू शकतं, कारण मागच्या फळ्यावर काय लिहिलंय याकडे आपलं लक्ष नसतं.

मानवी पेशी किंवा रक्तावर काम असेल तर हिपॅटायटिस बी लशीबद्दल विचारतील. डोस अनेक महिन्यांत विभागलेले असतात, म्हणून हे लवकर पाहा. पूर्ण पाय झाकणारे बूट घाला, केस बांधा. लोंबती ओढणी किंवा दागिने नकोत. बाकी खरेदीची गरज नाही.

पायरी ३: पहिला आठवडा, बघण्याचा

पहिल्या आठवड्यात हातात काम मिळत नाही म्हणून मुलं नाराज होतात. या आठवड्यात तुमचं काम आहे बघणं, आणि ते मन लावून करायचं काम आहे. आणीबाणीचं दार कुठं, डोळे धुण्याचा नळ कुठं, सुया आणि काचेचा कचरा कोणत्या डब्यात, सांडलं तर कोणाला हाक मारायची, हे डोळे मिटून सांगता आलं पाहिजे. डोळ्यांत रसायन गेलं तर निदान १५ मिनिटं सलग धुवावं लागतं, आणि त्या वेळी नळ शोधत बसायची वेळ येऊ नये.

द्रव नायट्रोजनबद्दल दोन शब्द जास्त, कारण तो दिसायला निरुपद्रवी वाटतो. त्याचं तापमान उणे १९६ अंश सेल्सिअस असतं आणि वायू होताना तो साधारण ७०० पट फुगतो. बंद खोलीत सांडला तर हवेतला ऑक्सिजन बाजूला ढकलला जातो. श्वास कोंडतोय हे माणसाला जाणवतही नाही, सरळ शुद्ध हरपते. गोठवलेल्या पेशींच्या कुप्या नायट्रोजनच्या टाकीत ठेवतात. त्यात बुडालेल्या कुपीत तो शिरला असेल तर बाहेर काढल्यावर कुपी फुटू शकते. चेहऱ्यावर पारदर्शक ढाल आणि जाड हातमोजे घातल्याशिवाय त्या टाकीचं झाकण उघडू नका, आणि एकट्यानं तर मुळीच नाही. कोणी 'अरे, पटकन काढून आण' म्हणालं तरी नाही.

दुसऱ्याचं काम बघताना वहीत दोन रकाने करा. एका बाजूला कंपनीच्या लेखी कार्यपद्धतीत काय लिहिलंय ते, दुसऱ्या बाजूला माणसं प्रत्यक्ष काय करतात ते. लेखी कागदावर 'पेशी हलक्या हातानं मिसळा' एवढंच असतं. अनुभवी माणूस पिपेटचं टोक नळीच्या तळापासून किंचित वर धरतो, बुडबुडे येऊ देत नाही, दहा वेळा वरखाली करतो. हे दुसऱ्या रकान्यात येतं. फरक कुठं दिसला की 'असं का करता?' हे विचारा. काम थांबल्यावर विचारा, हात हूडमध्ये असताना नको.

पायरी ४: पिपेटवर हात बसवणं

पिपेट सगळ्यांना येतं असं वाटतं. येत नाही. बटण दोन टप्प्यांत दाबलं जातं. पहिल्या थांब्यापर्यंत दाबून द्रव घ्यायचा, सोडताना पहिल्या थांब्यावरून दुसऱ्यापर्यंत जायचं. घेतानाच दुसऱ्या थांब्यापर्यंत दाबलं तर जास्त द्रव येतो, आणि ती चूक डोळ्यांना दिसत नाही.

तपासायची सोपी रीत आहे. एक मायक्रोलिटर पाण्याचं वजन जवळपास एक मिलिग्रॅम असतं. अचूक तराजूवर छोटी नळी ठेवा, शून्य करा आणि १०० मायक्रोलिटर पाणी दहा वेळा घाला. दर वेळी आकडा १०० मिलिग्रॅमच्या जवळ वाढला पाहिजे. तुमचे आकडे ९२, १०४, ९७ असे भरकटत असतील तर दोष हाताचा आहे. सगळेच ९५च्या आसपास येत असतील तर पिपेट तपासायला द्यायची वेळ आली असेल. मी पहिले तीन दिवस रोज अर्धा तास हे केलं. बटण हळू सोडायचं, टोक द्रवात दोन-तीन मिलिमीटरच बुडवायचं, पिपेट उभी धरायची, या तीन गोष्टींनी आकडे ओळीत आले.

पायरी ५: हूडमध्ये बसणं आणि पेशी पास करणं

या पायरीला मी सगळ्यांत जास्त जागा देणार आहे, कारण इंटर्नचा बहुतेक वेळ इथंच जातो.

हूड म्हणजे गाळलेल्या हवेचा पडदा. हवा वरून खाली येते आणि पुढच्या जाळीतून आत ओढली जाते. तुमचा कोपर त्या जाळीवर टेकला किंवा कागद तिच्यावर पसरला की पडदा फाटला. म्हणून कामाआधी काही मिनिटं हूड चालू ठेवायचं, पृष्ठभाग ७० टक्के अल्कोहोलनं पुसायचा, आत जाणारी प्रत्येक बाटली पुसायची आणि जाळीपासून वीतभर आत काम करायचं. अल्कोहोल ७० टक्केच का, शुद्ध का नाही, हा प्रश्न कोणीतरी विचारेलच. जंतूंच्या प्रथिनांची घडी मोडायला पाणीही लागतं, आणि शुद्ध अल्कोहोल काम पुरं होण्याआधी उडून जातं.

उघड्या बाटलीवरून हात नेऊ नका. एका वेळी एकाच जातीच्या पेशी हूडमध्ये ठेवा. दोन जातींच्या पेशींसाठी मीडियमची एकच बाटली वापरू नका. हे तीन नियम कोणी बघत नसतानाही पाळायचे असतात.

आता इनक्युबेटर या उबदार कपाटातून फ्लास्क, म्हणजे पेशी वाढवायची चपटी बाटली, बाहेर काढा. इनक्युबेटरमध्ये ३७ अंश तापमान, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड आणि भरपूर दमटपणा असतो. तो वायू पेशींना श्वासासाठी नसतो. मीडियममधल्या बायकार्बोनेटशी मिळून तो पीएच ७.४च्या आसपास राखतो. आधी नुसत्या डोळ्यांनी मीडियमचा रंग बघा. त्यात आम्लता दाखवणारा फिनॉल रेड हा रंग असतो. तांबडा रंग म्हणजे ठीक. नारिंगी-पिवळा म्हणजे पेशींनी भरपूर खाल्लंय आणि आम्ल साठलंय, किंवा दुसरंच काही आत वाढतंय. गुलाबी-जांभळट म्हणजे फ्लास्क बराच वेळ बाहेर राहिला किंवा वायूचा सिलिंडर संपला. मग मायक्रोस्कोप. तळाला चिकटून वाढणाऱ्या पेशी फरशीसारख्या पसरतात. तळाचा ७० ते ८० टक्के भाग भरला की त्यांना नव्या फ्लास्कमध्ये वाटून द्यायची वेळ झाली. प्रयोगशाळेत याला पास करणं किंवा स्प्लिट करणं म्हणतात.

जुनं मीडियम काढा. कॅल्शियम-मॅग्नेशियम नसलेल्या पीबीएस या क्षारांच्या द्रावणानं धुवा. हे धुणं वगळू नका: उरलेल्या मीडियममधला सीरम (रक्तातला पोषक द्रव भाग) ट्रिप्सिनला, म्हणजे पेशी तळापासून सोडवणाऱ्या विकराला, निकामी करतो आणि मग पेशी सुटत नाहीत. ट्रिप्सिन घाला, फ्लास्क तिरका करून सगळीकडे पसरवा, इनक्युबेटरमध्ये ठेवा. आणि आता फोन बघायला जाऊ नका. दोन मिनिटांनी मायक्रोस्कोपखाली धरा. पसरलेल्या पेशींचे हातपाय आखडलेले दिसतात. कडा चमकायला लागतात. एक-एक पेशी गोल होते, पण अजून जागेवरच थरथरत असते. फ्लास्कच्या बाजूला तळहातानं हलकी थाप मारली की एखादा पट्टाच्या पट्टा सुटून वाहायला लागतो. हा क्षण ओळखता आला की ट्रिप्सिन किती वेळ ठेवायचं हे घड्याळाला विचारावं लागत नाही. दोन ते पाच मिनिटांत बहुतेक पेशी सुटतात. जास्त ठेवलं तर ट्रिप्सिन पेशींच्या पृष्ठभागावरची प्रथिनं कापत राहतं आणि पेशी मरतात. सुटल्या की सीरम असलेलं मीडियम घालून ते थांबवायचं.

नव्या फ्लास्कवर, झाकणावर नाही तर अंगावर, लिहा: पेशीचं नाव, पासाचा क्रमांक, तारीख, किती पटीनं वाटल्या, तुमची आद्याक्षरं. झाकणं अदलाबदल होतात. पासाच्या क्रमांकालाही कारण आहे. लेनर्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी १९६१ साली दाखवून दिलं की माणसाच्या साध्या पेशी ४० ते ६० वेळा विभागल्यावर थांबतात. कर्करोगातून आलेल्या किंवा अमर केलेल्या पेशी थांबत नाहीत, पण पासागणिक त्याही हळूहळू बदलतात. पाचव्या पासाचा आणि पन्नासाव्या पासाचा निकाल सारखा येईल असं गृहीत धरता येत नाही.

पायरी ६: मोजणी

यंत्रं आहेत, तरी एकदा हातानं शिका. मोजणीच्या काचेवर एक मिलिमीटर बाजूचे चौकोन असतात आणि खोली ०.१ मिलिमीटर. म्हणजे एका चौकोनावर मिलिलिटरचा दहा हजारावा भाग असतो. पेशींचा थेंब आणि तेवढंच ट्रिपन ब्लू मिसळा. जिवंत पेशी रंग बाहेर ठेवतात, मेलेल्या निळ्या होतात.

समजा चार कोपऱ्यांच्या चौकोनांत जिवंत पेशी ४२, ३८, ४५, ३५ आल्या. बेरीज १६०, सरासरी ४०. रंगामुळे दुप्पट विरळ झालं म्हणून ८०, गुणिले १०,०००, म्हणजे मिलिलिटरला ८ लाख पेशी. निळ्या एकूण ८ असतील तर १६८ पैकी १६० जिवंत, सुमारे ९५ टक्के. आता ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये प्रत्येक खळग्यात १०० मायक्रोलिटरमध्ये ५,००० पेशी हव्यात, तर मिलिलिटरला ५०,००० लागतील. १० मिलिलिटरसाठी ५ लाख पेशी, म्हणजे तुमच्या द्रावणातले ०.६२५ मिलिलिटर. उरलेलं मीडियम. हे गणित वहीत पूर्ण लिहा, नुसतं उत्तर नको. चूक झाली तर कुठं झाली हे शोधायला तेच कामी येतं.

पायरी ७: कंटॅमिनेशन (पेशींत नको ते शिरणं), आणि चूक सांगणं

जिवाणू शिरले तर एक-दोन दिवसांत मीडियम गढूळ आणि पिवळं होतं. बुरशीचे धागे नुसत्या डोळ्यांनी दिसतात. खरा छुपा शत्रू म्हणजे मायकोप्लाझ्मा हा अतिसूक्ष्म जिवाणू. त्याला पेशीभित्तिका नसते, त्यामुळे पेनिसिलिन त्याचं काही बिघडवू शकत नाही. तो इतका लहान असतो की जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतूनही निसटतो. मीडियम स्वच्छ दिसतं, पेशी वाढतात, आणि तुमचे सगळे आकडे हळूहळू वाकडे होत जातात. म्हणून बऱ्याच प्रयोगशाळा ठरावीक दिवसांनी पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवून ओळखायची चाचणी) करून तपासतात. कोणीतरी बाहेरून पेशी आणल्या तर तपासणी होईपर्यंत त्या वेगळ्या इनक्युबेटरमध्ये ठेवायच्या, याला अपवाद नाही.

दुसरा धोका त्याहून विचित्र आहे. पेशी जिवंत आहेत, स्वच्छ आहेत, पण त्या ज्या वाटतात त्या नाहीतच. १९५१ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स या स्त्रीच्या गाठीतून, तिला न विचारता, काढलेल्या हेला पेशी प्रचंड जोमानं वाढतात. एक पेशी चुकून दुसऱ्या फ्लास्कमध्ये पडली तरी काही पासांत तिथं हेलाच उरतात. १९६६ साली स्टॅन्ली गार्टलर यांनी वेगवेगळ्या नावांनी वापरल्या जाणाऱ्या १८ पेशीवाणांची (सतत वाढवत ठेवलेल्या पेशींच्या जातींची) तपासणी मांडली, आणि त्या सगळ्या हेलाच असल्याची चिन्हं दिसत होती. आज चुकीची ओळख असलेल्या पेशीवाणांची आंतरराष्ट्रीय यादी ५००च्या पुढं गेली आहे. 'एका वेळी हूडमध्ये एकच जात' हा नियम एवढा कडक का, ते आता लक्षात येईल.

माझी गोष्ट सांगते. दुसऱ्या आठवड्यातला शुक्रवार होता. मीडियम बदलताना पिपेटचं टोक बाटलीच्या मानेला बाहेरून लागलं. लागलं असं वाटलं, खात्री नव्हती. टोक बदलायला हवं होतं. मी बदललं नाही, तेच बाटलीत बुडवलं, त्या बाटलीतून चार फ्लास्क भरले, आणि कोणाला काही बोलले नाही. सोमवारी चारही फ्लास्क पिवळे आणि गढूळ. त्यांतले दोन माझे नव्हते. शेजारच्या टेबलावरच्या दादानं तीन आठवडे वाढवलेल्या पेशी होत्या त्या. माझ्या मार्गदर्शक मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी एकच विचारलं: 'कोणत्या बाटलीतून भरलंस?' आणि ते माझ्या वहीत नव्हतं. फ्रिजमध्ये त्या दिवशी उघडलेल्या तीन बाटल्या होत्या. तिन्ही फेकाव्या लागल्या. त्या तीन बाटल्या कचऱ्यात जाताना मला जे वाटलं ते मी विसरलेले नाही. चूक टोक लागण्याची नव्हती, ते कोणाचंही लागतं. शुक्रवारी दुपारी एक वाक्य बोलले असते तर दादाचे फ्लास्क वाचले असते.

तेव्हापासून मी नव्या मुलांना वाक्यच तयार करून देते: 'मॅडम, आत्ता असं झालं, या बाटलीला, एवढ्या वाजता. मी अजून पुढं काही केलेलं नाही. काय करू?' यात माफी नंतर येते, आधी माहिती येते. त्याच तासात सांगितलेल्या चुकीवर उपाय असतो.

पायरी ८: वही

शाईचं पेन. पानांवर क्रमांक. खोडायचं असेल तर एक आडवी रेघ, वर आद्याक्षरं आणि तारीख. खालचं वाचता आलं पाहिजे. पान फाडायचं नाही. टिश्यूवर लिहून संध्याकाळी उतरवायचं नाही, कारण उतरवताना आपण नकळत नीटनेटकं करतो आणि नेमकी विचित्र गोष्ट गळते. मीडियम, सीरम, ट्रिप्सिन यांचे लॉट क्रमांक लिहा. सीरमचा लॉट बदलला की पेशींचं वागणं बदलू शकतं, आणि महिन्यानंतर 'मार्चमध्ये वेगळं का आलं?' या प्रश्नाचं उत्तर त्या एका आकड्यात सापडतं. वही संगणकावर असेल तरी नियम तेच.

प्रत्येक प्रयोगाला क्रमांक द्या. जगभर वापरल्या जाणाऱ्या एचईके २९३ या पेशींच्या नावातला २९३ कुठून आला? फ्रँक ग्रॅहम यांच्या वहीतला तो २९३वा प्रयोग होता. १९७३च्या सुमारास नेदरलँड्समधल्या लायडनमध्ये त्यांनी मानवी भ्रूणाच्या मूत्रपिंडाच्या पेशींत विषाणूचा डीएनए घालून त्या पेशी अमर केल्या. प्रयोगांना क्रमांक द्यायची त्यांची सवय होती म्हणून हे नाव पडलं.

पायरी ९: तुमचा छोटा प्रकल्प

साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात काहीतरी 'तुमचं' दिलं जातं. बहुधा औषधाच्या वेगवेगळ्या मात्रा देऊन किती पेशी जगल्या ते पाहणं, किंवा पेशी रंगवून फोटो काढणं. उत्साहात दहा मात्रा, चार पेशीवाण, तीन वेळा असा आराखडा करू नका. एक पेशीवाण, पाच मात्रा आणि पूर्ण नियंत्रणं एवढं करा. नियंत्रणं म्हणजे नुसतं मीडियम, डीएमएसओ दिलेल्या पेशी, आणि नक्की मारेल असं माहीत असलेलं काहीतरी दिलेल्या पेशी. ते तिसरं वगळलं आणि काहीच मेलं नाही, तर औषध निरुपयोगी की तुमची चाचणीच बंद पडलेली, हे कसं ठरवणार?

९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये कडेचे ३६ खळगे लवकर सुकतात. शक्य असेल तर त्यांत नुसतं पीबीएस भरा आणि आतले ६० वापरा. एकाच प्लेटमधले तीन खळगे म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. त्यांतून तुमची पिपेट किती स्थिर आहे तेवढं कळतं. वेगळ्या दिवशी, वेगळ्या पासाच्या पेशींवर पुन्हा केलं तर तो दुसरा प्रयोग. फोटो काढत असाल तर सगळ्यांना एक्स्पोजर एकच ठेवा. औषध दिलेल्या पेशींचा फोटो अंधूक आला म्हणून प्रकाश वाढवला, की तुलना मेली. मूळ फाइल कधीही बदलू नका, तिची प्रत घेऊन काम करा. फिजी हे विश्लेषणाचं सॉफ्टवेअर फुकट आहे. घरीच दोन संध्याकाळी त्यावर बसा.

आणि आठवडा पेशींकडे बघून आखा. हेला पेशी साधारण दिवसभरात दुप्पट होतात. ७२ तासांची चाचणी गुरुवारी लावली तर रविवारी कोणाला तरी यावं लागेल. सोमवारी लावली तर गुरुवारी वाचता येते. हे साधं आहे, तरी पहिल्यांदा सगळेच यात फसतात.

मार्गदर्शकांना प्रश्न विचारताना गठ्ठा करून विचारा. ज्यामुळे काम थांबलंय किंवा धोका आहे ते लगेच. बाकीचे लिहून ठेवून दिवसाच्या शेवटी दहा मिनिटांत. बैठकीत अपयशी प्लेटसुद्धा दाखवा. सगळे आकडे दाखवा, नको असलेला एक खळगा गुपचूप वगळून नव्हे. वगळायचाच असेल तर तो का वगळला ते मोठ्यानं सांगून वगळा.

पायरी १०: शेवटचे दोन आठवडे

नवा प्रयोग सुरू करू नका. हे दोन आठवडे सोपवण्याचे. तुमच्या पेशींच्या काही कुप्या गोठवून ठेवायला सांगितलं जाईल: १० टक्के डीएमएसओ, मिनिटाला सुमारे एक अंश या संथ गतीनं उणे ८० पर्यंत, मग नायट्रोजनची टाकी. गोठवणं संथ, वितळवणं झटपट, हे सूत्र लक्षात ठेवा. गोठवल्यानंतर आठवड्याभरानं एक कुपी वितळवून पाहा. ती जगली तरच बाकीच्या जगल्या असं धरता येईल, आणि हे तपासणारे इंटर्न थोडे असतात.

अहवालाचा मसुदा निदान दहा दिवस आधी द्या, कारण गोपनीयतेसाठी तो एकापेक्षा जास्त लोक वाचतात. शिफारसपत्र हवं असेल तर समोर बसून विचारा आणि सोबत तुम्ही केलेल्या कामांची अर्ध्या पानाची यादी द्या. पत्र लिहिणाऱ्याला तुमची आठवण असते, तपशील नसतात.

शेवटच्या दिवशी फ्रीझरसमोर उभं राहून एक तक्ता भरा: प्रत्येक कुपी कोणत्या खान्यात, कोणत्या डब्यात, कोणत्या घरात, काय, कोणता पास, कोणती तारीख, वहीचं कोणतं पान. मग तुमच्यानंतर येणाऱ्या माणसाला सोबत घ्या, तक्त्यातली कोणतीही एक ओळ त्याला निवडू द्या आणि तुम्ही काहीही न बोलता त्याला ती कुपी शोधू द्या. त्याला सापडली की तक्त्यावर दोघांच्या सह्या करून तो मार्गदर्शकांकडे द्या.